फोटो विकून ‘झोपेत कमाई’? आधी हिशेब मांडा!

‘मोबाइलमध्ये पडून असलेले फोटो विका आणि महिन्याला 50 हजार कमवा’, अशी रील तुमच्याही स्क्रीनवर येऊन गेली असेल. रीलच्या शेवटी एक लिंक असते आणि लिंकच्या शेवटी एक कोर्स. सवलतीच्या दरात, आज रात्री 12 वाजेपर्यंतच! नोकरीच्या शोधातला तरुण, घरून काही करता येईल का हे पाहणारी गृहिणी, लग्नाचा हंगाम संपल्यावर रिकामा बसलेला फोटोग्राफर असे सगळेच त्या लिंकवर बोट ठेवतात.

ऑनलाइन फोटोविक्री हे थोतांड नाही, हे आधीच सांगायला हवे. जगभरात लाखो लोक ती करतात आणि त्यांना पैसेही मिळतात. मात्र ‘झोपेत कमाई’ हे तिचे वर्णन खोटे आहे. सुरुवात करायला एक रुपयाही लागत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणाला पैसे मोजायची गरज नाही. हा धंदा नेमका कसा चालतो, त्यात किती मिळते आणि कुठे पाय घसरतो, ते पाहू.

स्टॉक फोटो म्हणजे नेमके काय?

बँकेच्या जाहिरातीतले हसरे कुटुंब, औषधाच्या माहितीपत्रकातली आजी, बातमीच्या वेबसाइटवर कांद्याच्या ढिगाचा फोटो. यातले बरेचसे फोटो त्या कामासाठी मुद्दाम काढलेले नसतात. ते आधीच काढून एखाद्या संकेतस्थळाच्या साठ्यात ठेवलेले असतात. हवा तो फोटो शोधायचा, परवाना शुल्क भरायचे आणि वापरायचा. फोटोग्राफरला त्या शुल्काचा काही हिस्सा मिळतो. शटरस्टॉक, अ‍ॅडोब स्टॉक, गेटी इमेजेस आणि तिचेच आयस्टॉक, ब्रिटनमधली आलमी ही या बाजारातली मोठी नावे.

येथे ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. त्याचा अर्थ फुकट असा नाही. ग्राहकाने एकदा पैसे भरले की प्रत्येक वापरासाठी पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. फोटोची मालकी फोटोग्राफरकडेच राहते, विकला जातो तो वापराचा परवाना. म्हणूनच एकच फोटो शंभर जणांना विकता येतो. एकाच संस्थेला बांधून घेतले नसेल, तर तोच फोटो तीन-चार संस्थांकडेही ठेवता येतो.

एवढा स्वस्त का झाला फोटो?

एकेकाळी अशा एका फोटोचे शेकडो डॉलर मोजावे लागत. ते गणित 2000 साली कॅनडातील कॅलगरी येथे सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोने बदलले. हौशी लोकांचे फोटो अगदी थोड्या पैशांत मिळू लागले. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेले सुमारे 30 हजार फोटो घेऊन शटरस्टॉक सुरू केले आणि महिन्याच्या वर्गणीत भरपूर फोटो देण्याची पद्धत रूढ केली. 2006 मध्ये गेटीने आयस्टॉकफोटो 5 कोटी डॉलरना विकत घेतले. पुढे अ‍ॅडोबने फोटोलिया ही कंपनी घेऊन 2015 मध्ये अ‍ॅडोब स्टॉक आणले. जानेवारी 2025 मध्ये तर गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याची घोषणा केली.

दुसरीकडे अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांसारखी फुकट फोटो देणारी संकेतस्थळे आली. त्यांतले अनस्प्लॅश 2021 मध्ये गेटीनेच घेतले, तर पेक्सेल्स आणि पिक्साबे 2019 मध्ये कॅनव्हाकडे गेले. थोडक्यात, विकणारे वाढले, विकत घेणाऱ्या कंपन्या एकमेकींत मिसळत गेल्या आणि शेजारच्या दुकानात तोच माल फुकट मिळू लागला. अशा बाजारात भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको.

एका फोटोचे किती मिळतात?

शटरस्टॉकने जून 2020 मध्ये नवे दर लावले. त्यानुसार फोटोग्राफरचा वाटा 15 ते 40 टक्के असतो. वर्षभरात जितके जास्त फोटो विकले जातील तितकी वरची पायरी. मात्र दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात! वर्गणीतून झालेल्या विक्रीला किमान 10 सेंट, म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये मिळतात. अर्धा वडापाव म्हणा. या बदलाविरुद्ध जगभरातील फोटोग्राफरांनी आवाज उठवला, काहींनी आपले सगळे फोटो काढून घेतले. दर मात्र तेच राहिले. अ‍ॅडोब स्टॉकवर फोटोला 33 टक्के वाटा मिळतो.

आता साधा हिशेब करू. समजा, तुम्ही वर्षभर खपून 300 चांगले फोटो चढवले. त्यातून महिन्याला 20 विक्री झाल्या आणि प्रत्येकी सरासरी 30 सेंट मिळाले. महिन्याचे झाले 6 डॉलर, म्हणजे पाचशे-साडेपाचशे रुपये. एका फोटोची निवड, सफाई आणि शब्द भरणे यांना दहा मिनिटे धरली, तरी 300 फोटोंना 50 तास गेले. त्यात फोटो काढण्याचा वेळ आणि प्रवास धरलेला नाही. त्यासाठी पाच हजारांचा कोर्स घेतला असेल, तर तो वसूल व्हायलाच नऊ-दहा महिने लागतील. अ‍ॅडोबकडे 25 डॉलर जमा होईपर्यंत पैसे काढता येत नाहीत. वरच्या वेगाने पहिली रक्कम हाती यायला चार-पाच महिने!

‘पण एखादा फोटो हिट झाला तर?’ असे कोणी म्हणेल. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश आठवा. चार्ल्स ओरियर यांनी तो फोटो 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढला, एका स्टॉक संस्थेकडे ठेवला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचे हक्क घेतले. पण ओरियर यांच्या पाठीशी नॅशनल जिओग्राफिकच्या कामाचा अनेक वर्षांचा अनुभव होता. लॉटरी लागते ती कोणाला तरी. लॉटरीच्या भरवशावर कोणी घराचा हप्ता ठरवत नाही.

मग सुरुवात कशी करायची?

नवा कॅमेरा हप्त्यावर घेऊन तर मुळीच नाही. आहे त्या फोनने किंवा जुन्या डीएसएलआरने करा. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोब या दोघांची किमान अट 4 मेगापिक्सेलची आहे, आजचा साधा फोनही ती सहज पूर्ण करतो. अडचण मेगापिक्सेलची नसते, उजेडाची असते. संध्याकाळी घरात काढलेला फोटो फोनवर छान दिसतो, संगणकावर पूर्ण आकारात उघडला की दाणेदार निघतो. म्हणून सकाळचे किंवा दुपार कलल्यावरचे ऊन, खिडकीजवळची जागा आणि स्थिर हात एवढे सांभाळा. ब्युटी मोड, फिल्टर, तारखेचा शिक्का बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला-गेलेला फोटो वापरू नका. त्याचा जीव आधीच गेलेला असतो.

खाते उघडायला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागते. पहिल्या खेपेत दहा-पंधरा निवडक फोटो चढवा. काही नाकारले जातील. फोकस चुकला, दाणे दिसतात, कुठल्या तरी कंपनीचे बोधचिन्ह आले, एकासारखे एक फोटो टाकले, ही नेहमीची कारणे. नकार वाचा आणि सुधारा. या धंद्यातला फुकटातला कोर्स तोच. एकाच फुलाचे चाळीस फोटो टाकण्याचा मोह मात्र टाळा, त्याने खातेच अडचणीत येऊ शकते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वात महत्त्वाचेही. प्रत्येक फोटोला नेमके शीर्षक आणि शोधशब्द द्यावे लागतात. शटरस्टॉकवर किमान 7 आणि जास्तीत जास्त 50, अ‍ॅडोबवर 49 पर्यंत. हे शब्द बहुधा इंग्रजीत द्यायचे असल्याने आपल्याकडचे लोक तेथे अडखळतात. फोटोत कोण आहे, काय चालले आहे, कुठे, कोणत्या ऋतूत, त्यातून कोणता भाव दिसतो, या क्रमाने विचार केला की शब्द सुचतात. महत्त्वाचे शब्द आधी द्या. फोटोत नसलेली गोष्ट शब्दांत घुसडू नका. उत्तम फोटो शब्दांअभावी साठ्याच्या तळाशी पडून राहतो आणि बरा फोटो नेमक्या शब्दांमुळे विकला जातो.

काय टिपायचे?

सूर्यास्त, गुलाब, मांजर यांचे कोट्यवधी फोटो आधीच आहेत. तुमचा सूर्यास्त कितीही सुंदर असला, तरी ग्राहकाला त्याची गरज नाही. आपली खरी संधी दुसरीकडे आहे.

या साठ्यांत ‘भारतीय शेतकरी’ शोधून पाहा. पांढरे स्वच्छ कपडे, डोक्याला कोरे मुंडासे, हातात नोटा किंवा मोबाइल आणि चेहऱ्यावर जाहिरातीतले हसू. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायका, कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळणारे हात, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारा तोडणी कामगार, गच्चीवर कुरडया घालणाऱ्या सासू-सुना, भाजीच्या गाडीवर पैसे आल्याची घोषणा करणारा छोटा स्पीकर, एसटी स्टँडवरची पहाट, अंगणवाडीतला खाऊ, सौर पंपाशेजारी उभी शेतकरी बाई. हे सगळे आपण रोज पाहतो. दिल्ली-मुंबईच्या जाहिरात संस्थांना, बँकांना, पाठ्यपुस्तकवाल्यांना, बातम्यांच्या संकेतस्थळांना ते लागते. आणि ते नेमके टिपायला बाहेरचा माणूस येऊ शकत नाही, कारण कुरडया कोणत्या महिन्यात घालतात हेच त्याला ठाऊक नसते.

नावांचेही तेच. पैठणीला नुसते ‘भारतीय साडी’ आणि थालीपीठाला ‘मसाला रोटी’ म्हणून चढवलेले फोटो पाहिले की वाईट वाटते. आपण योग्य नाव लिहिले आणि सोबत सोपे वर्णन दिले, तर शोधणाऱ्याला खरी गोष्ट सापडते. मला यात पैशांहून मोठा मुद्दा दिसतो. उद्या जगाला महाराष्ट्र कसा दिसणार, हे या साठ्यांवरून ठरत जाणार आहे. ते काम आपणच केले नाही, तर आपल्या नावाने दुसऱ्याचेच चित्र फिरत राहील.

दोन व्यावहारिक सूचना. एक, सणाचे फोटो सणाच्या आधी लागतात. दिवाळीच्या जाहिरातींची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. यंदाच्या फराळाचे फोटो पुढच्या वर्षी ऑगस्टच्या आत साठ्यात असू द्या. दोन, एका विषयाची मालिका करा. मोदकाचा एक फोटो काढण्याऐवजी उकड, पारी, सारण, कळ्या, मोदकपात्र, ताट असे टप्पे टिपा. आडवा आणि उभा असे दोन्ही काढा आणि मजकुरासाठी एका बाजूला मोकळी जागा सोडा.

फोटो तुम्ही काढलात, पण तो तुमचा आहे का?

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हे नीट वाचावे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो. मात्र कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ग्राहक ठरतो. म्हणजे नवरीच्या मेंदीच्या हाताचा तो सुंदर फोटो तुमच्या हार्ड डिस्कवर असला तरी विकायचा हक्क तुमचा नाही. विकायचा असेल तर बुकिंग घेतानाच तसे लिहून घ्या.

वस्तू आणि वास्तूंचेही हक्क असतात. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीला 2017 मध्ये ट्रेडमार्क मिळाला. गेटवेवरून आपल्यासाठी फोटो काढायला काहीच हरकत नाही, पण तो व्यापारी वापरासाठी विकणे म्हणजे अडचणीला आमंत्रण. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईचे तसेच आहे. दुकानाच्या पाट्या, गाडीवरचे बोधचिन्ह, भिंतीवरचे कोणाचे चित्र, मूर्तिकाराने घडवलेली मूर्ती यांकडे फोटो चढवण्याआधी एक नजर टाका.

यावर एक मार्ग आहे, ‘एडिटोरियल’ परवान्याचा. बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत वापरायचा, पण जाहिरातीत नाही. पंढरीची वारी, गणेश विसर्जन, आठवडी बाजार, मोर्चा अशा ठिकाणी प्रत्येकाची सही घेणे शक्य नसते. असे फोटो या परवान्याखाली शटरस्टॉक, आलमी घेतात. त्यांना स्थळ आणि तारीख स्पष्ट द्यावी लागते. उदाहरणार्थ, ‘पंढरपूर, महाराष्ट्र, भारत – 6 जुलै 2025 : आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात जमलेले वारकरी’.

ज्याचा चेहरा, त्याचे काय?

जाहिरातीत वापरता येईल अशा फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल, तर तिचे लेखी संमतीपत्र लागते. मूल असेल तर आई-वडिलांची सही. घरातल्या माणसांपासून सुरुवात करावी, असे सगळे सांगतात ते याचसाठी. पण घरातल्यांनाही एकदा नीट समजावून सांगा, की हा फोटो उद्या कशासाठी वापरला जाईल ते आपल्या हातात नसते.

2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीला आपला फोटो वर्तमानपत्रात, एचआयव्हीबाधितांच्या हक्कांविषयीच्या सरकारी जाहिरातीत दिसला. तिला तो आजार नव्हता आणि फोटोग्राफरकडे तिचे संमतीपत्रही नव्हते. प्रकरण कोर्टात गेले. ती मोठ्या शहरातली, वकील करू शकणारी मुलगी होती. आपल्याकडे बांधावर भाकरी खाणाऱ्या मजूर बाईचा फोटो ‘गरिबी’, ‘कुपोषण’ असे शब्द लावून विकला गेला, तर तिला ते कधी कळणारही नाही.

संमतीपत्र इंग्रजीत असते. समोरच्याला ते वाचता येत नसेल, तर अंगठा किंवा सही घेण्याआधी त्याचा अर्थ मराठीत सांगणे हे आपले काम आहे. ‘हा फोटो कोणत्याही जाहिरातीत येऊ शकतो, त्याचे पैसे मला मिळतील, तुम्हाला चालेल का?’ इतके सरळ विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा. हो म्हणाले तर त्यांच्या वेळेचे काहीतरी द्या आणि फोटोची एक प्रत जरूर द्या. कायदा कदाचित एवढे मागत नसेल, पण ज्याच्या चेहऱ्यावर आपण कमावतो त्याच्याशी व्यवहार सरळ असावा.

पैसे खात्यात कसे येतात?

पेपाल किंवा पेओनीयरमार्फत. डॉलरचे रुपये होताना काही टक्के तेथेच कापले जातात. अमेरिकी कंपन्या सुरुवातीलाच डब्ल्यू-8बेन नावाचा कर-फॉर्म भरायला सांगतात. तेथे आपला पॅन द्यावा लागतो. तो भरला नाही, तर अमेरिकेतल्या ग्राहकांकडून आलेल्या उत्पन्नावर 30 टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका कर करारामुळे कॉपीराइटच्या रॉयल्टीवर हा दर 15 टक्क्यांवर येतो. हे उत्पन्न आपल्या येथील विवरणपत्रातही दाखवावे लागते. तिकडे कापलेल्या कराचे श्रेय येथे मिळू शकते, त्यासाठी सीएचा सल्ला घ्या.

एआय आले, आता काय?

या धंद्यासमोरचा आजचा सर्वात मोठा प्रश्न हाच. शब्द लिहिले की चित्र तयार. गेटीने सप्टेंबर 2022 मध्ये एआय चित्रे घेणे बंद केले, तर अ‍ॅडोबने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसा उल्लेख करण्याच्या अटीवर ती घ्यायला सुरुवात केली. 2023 मध्ये आलेले अ‍ॅडोबचे फायरफ्लाय हे साधन अ‍ॅडोब स्टॉकमधल्या चित्रांवरही शिकवलेले होते. त्याबद्दल फोटोग्राफरांना बोनस दिला गेला, पण आधी विचारले नाही, अशी अनेकांची तक्रार राहिली. म्हणजे ज्यांच्या फोटोंवर यंत्र शिकले, त्यांच्याच शेजारी ते दुकान मांडून बसले. शटरस्टॉकवर आपले फोटो यंत्राच्या प्रशिक्षणासाठी न देण्याचा पर्याय आहे. खाते उघडल्यावर ती सेटिंग पाहून निर्णय घ्या.

हात मिळवणारे दोन सूटबूटवाले, टेबलावरची कॉफी, ढगांचे पोत असले फोटो यंत्र आता फुकटात बनवते. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. पण अमुक गावच्या अमुक पुरानंतरचा रस्ता यंत्र बनवू शकत नाही. बनवला तर ती खोटी बातमी ठरेल. खरे स्थळ, खरी तारीख, खरी माणसे यांच्या फोटोला जी किंमत आहे, ती यामुळे कमी होण्याऐवजी वाढेल, असे मला वाटते. मात्र हा अंदाज आहे, हमी नव्हे.

मग करावे की नाही?

करावे, पण जोडधंदा म्हणून, हातचे काम सोडून नव्हे. लग्न-समारंभाचे काम करणाऱ्याने रिकाम्या महिन्यांत करावे. गावात राहणाऱ्याने आपल्या परिसराचे वर्षभराचे चित्र टिपायचे ठरवून करावे. विद्यार्थ्याने उजेड, चौकट, शब्द शिकण्यासाठी करावे. वर्षभर आठवड्याला पाच-सहा फोटो चढवा आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मांडा. थेंबे थेंबे तळे साचत असेल तर पुढे चला. नसेल साचत, तर गमावले काहीच नाही. आपल्या गावाचे शेकडो चांगले फोटो हाताशी राहतील आणि स्थानिक हॉटेलवाला, पर्यटनवाला, बियाणे कंपनी यांना ते थेट विकता येतील. तेथे एका फोटोचे जे मिळते, ते अर्ध्या वडापावाहून नक्कीच जास्त असते.

आणि पुढच्या वेळी ती 50 हजारांची रील आली, तर एक प्रश्न विचारा. फोटो विकून झोपेत एवढे पैसे मिळत असतील, तर हा माणूस रात्री 12 वाजेपर्यंत जागून कोर्स का विकतो आहे?